पात्यावरची नक्षी आणि पात्याचे पाणी

आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळींत अलीकडे रानावनांत भटकण्याची हौस पुष्कळच वाढली आहे. अनंतगिरीच्या टेकड्या, नल्लमलाचे जंगल, गोदावरीकाठची गावे, जिथे जिथे दोन दिवस सवड काढून जाता येईल तिथे ही मंडळी जातात. ही आनंदाची गोष्ट आहे. सज्जात आरामखुर्ची टाकून निसर्गाच्या कविता वाचण्यापेक्षा पायांत काटे मोडून घेणे केव्हाही बरे. या हौसेच्या पाठोपाठ दुसरीही एक हौस आली आहे. आपल्यापाशी हाताने घडवलेली, रानात वापरायची एखादी सुरी असावी, असे आता पुष्कळांना वाटू लागले आहे. तिच्याविरुद्धही आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ही हौस ज्या रीतीने भागवली जाते त्या रीतीविरुद्ध.

ही पहिली सुरी घेतली कशी जाते, ते पाहा. चित्रे पाहून ती निवडली जाते. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, मूठ सांबरशिंगासारखी दिसणारी, वर कातड्याचे म्यान, आणि त्या सर्वांवर ‘दमास्कस’ हे भारदस्त नाव. पोलाद कोणते, ते किती तापवून कशात बुडवले, पाते मुठीत कुठवर शिरले आहे, यांपैकी एकही प्रश्न गिऱ्हाईक विचारीत नाही आणि विकणाराही आपण होऊन सांगत नाही. मग ती सुरी काचेच्या कपाटात जाते. तिने कधी ओले लाकूड तासलेले नसते, कधी दोरी कापलेली नसते. पाहुणे आले की ती बाहेर निघते आणि ‘हँडमेड आहे’ असे सांगून पुन्हा आत जाते.

आता या नक्षीविषयी. आज ‘दमास्कस’ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक दोन जातींच्या पोलादांचे थर एकावर एक रचून, भट्टीत एकजीव करून, घडी घालून ठोकलेले असते. शेवटी आम्लात बुडवले की एक पोलाद काळे पडते, दुसरे उजळ राहते आणि लाटा दिसू लागतात. ही कला खोटी नाही. अमेरिकेत विल्यम मोरन यांनी 1973 साली अशी पाती प्रदर्शनात मांडली आणि तेव्हापासून तिला नवा बहर आला. कसबी कारागिराच्या हातचे असे पाते उत्तमच असते. पण स्वस्तातल्या नक्षीखाली कसले लोखंड आहे हे देवालाच ठाऊक. आणि नक्षीने धार टिकत नाही.

या प्रकरणातला खरा उपहास याहून निराळा आहे, आणि तो हैदराबादेत राहणाऱ्यांना तरी झोंबायला हवा. ज्या पोलादामुळे दमास्कसच्या पात्यांची जगभर ख्याती झाली, ते पोलाद आमच्याच मुलखातून जात असे. निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रम् या गावी मातीच्या मुशीत लोखंड आणि कर्बयुक्त द्रव्य बंद करून, दीर्घकाळ तापवून आणि सावकाश निववून जी पोलादाची ढेप निघे, ती घेण्यासाठी इराणातले व्यापारी येऊन राहत. सर्वेक्षण खात्यातले भूगर्भवेत्ते व्हॉयसी यांनी हे पाहून लिहून ठेवले. त्यांचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर 1832 साली छापले गेले. त्यापूर्वी 1795 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे पिअरसन यांनी या पोलादावर निबंध वाचला, आणि पुढे खुद्द फॅरडेंनी त्यावर प्रयोग केले. इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटले. तेलुगु आणि कानडीत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात, त्याच शब्दाचा हा अपभ्रंश असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या पात्यांवरच्या लाटा थर रचून आणलेल्या नसत. पोलादाच्या अंगीच असलेला कर्ब थंड होताना आणि ठोकला जाताना पट्ट्यापट्ट्यांनी उमटे. अशा मुलखातल्या माणसाने परक्या शहराचे नाव कोरलेले, कोणी केले ते ठाऊक नसलेले पाते दुप्पट किंमत देऊन घ्यावे, आणि शेजारच्या गावातल्या कम्मरी लोहाराच्या दारावरून मोटार न थांबवता निघून जावे, याला काय म्हणावे?

आपल्या भाषेने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. पात्याला आपण ‘पाणी देतो’, आणि तेजस्वी माणसाला ‘पाणीदार’ म्हणतो. हे पाणी म्हणजे काय, ते एकदा लोहाराच्या भट्टीपाशी उभे राहून पाहावे. पाते तापून लाल होते. लोहचुंबक त्याला चिकटेनासे झाले की ते योग्य उष्णतेच्या जवळ आले. त्याच्या किंचित वर नेऊन लोहार फक्त धारेची बाजू बुडवतो. ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. मग तो घाईने ती बाजू घासून उजळ करतो आणि वाट पाहतो. पाठीकडे उरलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि धातूवर रंग चढू लागतो: प्रथम वाळल्या गवताचा फिका पिवळा, मग गडद पिवळा, मग तपकिरी, जांभळा. हव्या त्या रंगाला तो पाते पुन्हा बुडवतो. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ पडते, क्षणभर घाई झाली तर ती तुटते. लोहाराचे खोपटे अंधारे का असते याचे कोडे ज्यांना पडते त्यांनी लक्षात घ्यावे, की लख्ख उजेडात तापल्या लोखंडाचा रंग नीट दिसत नाही. एवढे शास्त्र ज्याच्या डोळ्यांत आहे त्याला आपण ‘अडाणी’ म्हणतो.

‘गावठी लोहाराचा माल ओबडधोबड असतो, एक पाते चांगले तर दुसरे वाकते’, असा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. तो सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. खेड्यातला प्रत्येक कारागीर म्हणजे विश्वकर्माच, असा भाबडेपणा आम्हांला मान्य नाही. पण माल ओबडधोबड झाला कशाने? आपण त्याच्याकडे आजवर फक्त स्वस्त माल मागितला. बाजारात भंगाराच्या भावात मिळणारे खुरपे आपल्याला हवे होते, तसेच त्याने दिले. ज्याचे गिऱ्हाईक पारखी असते त्याचे काम पाहा. तेलंगणात ताडी उतरणारे गौड लोक कमरेला जी सुरी बांधून झाडावर चढतात, ती कोणी सहज हाताळू नये. ताडाच्या पोयीचा शेंडा रोज पातळ कापासारखा तासावा लागतो. धार बोथट असली तर पोय चेंगरते आणि रस आटतो. त्या माणसाचे पोट त्या धारेवर आहे, म्हणून त्याच्या लोहाराला धार चुकवून चालत नाही. रानात वापरायची, हाताने घडवलेली सुरी म्हणतात ती हीच. तिला कोणी तसे म्हणत नाही एवढेच.

तेव्हा पहिली सुरी घ्यायची असेल तर ती सांगून करवून घ्यावी. मोटारीच्या कमानीचा जुना पाटा या कामी चांगला चालतो, मात्र त्याला आधीच बारीक चीर गेलेली नाही हे पाहून घ्यावे. चार इंची पाते पुष्कळ झाले. जाडी तीन ते चार मिलीमीटर. त्याहून जाड सुरी म्हणजे कुऱ्हाडीची नक्कल, आणि कुऱ्हाडीचे काम कुऱ्हाडीनेच करावे. सुरी कशासाठी हवी ते लोहाराला सांगावे: लाकूड तासायला, स्वयंपाकाला, दोर कापायला. पाटा मोटारीचा आहे, तेव्हा तो पाण्याऐवजी तेलात बुडवावा, असेही नम्रपणे सुचवावे. ज्याने आयुष्यभर फाळ घडवले त्याला ते पटण्यासारखे असते. मूठ साध्या लाकडाची असावी, आणि पात्याचे शेपूट तिच्यात लांबवर, लाखेने पक्के बसवलेले असावे. सुरी हाती आली की धारेवरून कानस हलकेच फिरवून पाहावी. ती घसरून गेली तर पाणी बरोबर बसले, चावली तर परत न्यावी. परत न्यायला लाजू नये. लोहारालाही त्यात कमीपणा वाटत नाही.

कायद्याची भीती पुष्कळांना असते, म्हणून तेही सांगतो. 2016 च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गणना परवान्याच्या वर्गात आहे, आणि त्यातूनही घरगुती व शेतीकामाची अवजारे वगळली आहेत. चार इंची सुरी त्यात बसत नाही. मात्र अभयारण्यात जाताना ती घरी ठेवावी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात चाकूही येतो, आणि परवानगीवाचून ते घेऊन आत जाता येत नाही. नल्लमलाला निघालेल्या आमच्या तरुण मित्रांनी हे विशेष ध्यानात धरावे.

राहिली किंमत. इथेच आपल्या सुसंस्कृतपणाची परीक्षा होते आणि इथेच आपण नापास होतो. काचेमागच्या सुरीला छापील किंमत मोजताना ज्याचा हात थरथरत नाही, तोच गृहस्थ भट्टीपाशी बसलेल्या माणसाशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालतो. ‘लोखंड तर आमचेच आहे’, असे वर ऐकवतो! जणू त्याने ठोकलेले घण, जाळलेला कोळसा, भाता हलवणारी त्याची बायको, यांची किंमत शून्यच. अशी घासाघीस करणाऱ्याच्या घरी ‘हस्तकला वाचवा’ या विषयावर व्याख्यानेही होतात. आम्ही त्यांना हजर राहिलो आहोत.

मराठी माणूस पोटासाठी दूर देशी आला तेव्हा त्याच्या बिऱ्हाडात बहुधा एक विळी होती. ती गावच्या लोहाराने केलेली होती आणि तिच्यावर कसलीही नक्षी नव्हती. पाते झिजून कोयरीएवढे उरले तरी बायका तिच्यावर नारळ फोडत, भाजी चिरत. लिंबू-चिंचेने तिचे पाते काळे पडे, त्याचे कोणाला वाईट वाटत नसे. तुमच्या सुरीचेही तसेच होईल. ओली ठेवलीत तर गंजेल. पुसून, खोबरेलाचा हात फिरवून ठेवलीत तर टिकेल. वर्ष-दोन वर्षांनी धार दगडाला दाद देईनाशी झाली, की ती घेऊन त्याच लोहाराकडे शेवटून घ्यायला जा, आणि या खेपेला तो मागेल ते पैसे द्या.