मुरगळलेला घोटा आणि औषधांचा डबा

सकाळचा बॅडमिंटनचा डाव रंगात आलेला असतो आणि शटलमागे धावताना आपला घोटा मुरगळतो. घरी पोहोचेपर्यंत सूज चढते. नातू क्रिकेटच्या पिशवीतून स्वतःची गोळी काढून पुढे करतो. त्याची माया खरी. पण विशीतल्या मूत्रपिंडाला सोसणारी गोळी सत्तरीतल्या मूत्रपिंडाला सोसेलच असे नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही एकाच कुळातील औषधे. वेदना व सूज वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती ती रोखतात. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. रक्तदाबासाठी रामिप्रिल वा टेल्मिसार्टन आणि जोडीला लघवी वाढवणारे औषध चालू असता ही तिसरी गोळी पडली, तर मूत्रपिंडाचे कार्य अकस्मात ढासळू शकते. घाम फार गेलेला व पाणी कमी प्यायलेले असेल, तर धोका अधिकच. शिवाय, रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांत ही दोन्ही औषधे एकत्र असतात. डब्यात एकच पाकीट दिसते आणि आपण निर्धास्त राहतो. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी पाकिटावरील ठळक नाव न वाचता खालचे बारीक अक्षरातील घटक वाचावेत, चष्मा लावून.

हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी ही वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊच नयेत. जठरात रक्तस्राव होऊ शकतो, आणि पुष्कळदा त्याआधी पोटात साधे दुखतही नाही. शौचास डांबरासारखे काळे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मग घोट्याचे काय? पाय उंचावर ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, ताणाची पट्टी बांधावी. पहिले दोन दिवस शेक व तेलाचे मर्दन नको, आजीचा आग्रह असला तरीही. डायक्लोफेनॅकचे मलम अखंड त्वचेवर लावल्यास रक्तात फार थोडे उतरते. मात्र वर सांगितलेली औषधे चालू असतील, तर त्याआधीही विचारावे. पोटात घ्यायचेच, तर यकृताचा विकार नसलेल्यांना पॅरासिटॅमॉल बहुधा अधिक सुरक्षित. ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर. वजन फार कमी असल्यास मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटॅमॉल असते, तेही हिशेबात धरावे.

गोळीने वेदना दबली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये. दुखावलेला अस्थिबंध तितक्यात सांधत नाही. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. आणि रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याच्या डोक्याला पडताना मार लागला असेल, तर घोटा बाजूला ठेवून, काहीही दुखत नसले तरी, तडक रुग्णालयात न्यावे.