विसांपैकी चौदा



हल्ली आपल्या घरांत मुलं कॉलेजात गेली की एक नवा शब्द ऐकू येतो, एक्स्चेंज. पदवी आपल्याच विद्यापीठाची, पण एखादं सेमिस्टर परदेशात. व्हिसा, हॉस्टेल, तिकडची थंडी, सोबत कोकमं किती न्यायची, सगळ्याची चौकशी होते. तिथली परीक्षा कशी असते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

मी बी.ई. केलं तेव्हा परीक्षा म्हणजे सेमिस्टरच्या शेवटी 3 तासांचा पेपर, तपासणारे परीक्षक अनोळखी आणि एखादा विषय राहिलाच तर एटीकेटी. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की बरंच काम भागे.

जर्मनीत आकडे उलटे चालतात. 1.0 सर्वांत उत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 म्हणजे नापास. शिवाय परीक्षेसाठी मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते, नुसतं वर्गात बसून भागत नाही. इटलीत बऱ्याच विषयांची परीक्षा तोंडी, गुण 30 पैकी आणि पास 18 ला. मिळालेले गुण पटले नाहीत तर ते नाकारून पुन्हा बसण्याची पद्धतही तिथे आहे. ब्रिटनमध्ये 70 टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. अमेरिकेत गृहपाठ, चाचण्या, मिडटर्म, प्रोजेक्ट यांचे गुण पहिल्या आठवड्यापासून जमत जातात. शेवटच्या महिन्यात रात्री जागवणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

हे आधी माहीत नसलं की काय होतं, ते डिचोलीला ताईच्या घरी पाहिलं. भाची लिस्बनला गेली होती. इथे कायम नव्वदीत असणारी मुलगी, तिथे पहिल्याच विषयात 20 पैकी 14. "म्हणजे सत्तर टक्के," भावोजींनी हिशेब केला. पोरीचा फोन आला तो रडतच. "मामा, बाकीचे पेपर देऊन काय उपयोग? मी परत येते."

त्या दिवशी पेडण्याचे एक नातलग आजोबा घरी आले होते. पोर्तुगीज अमदानीत, 1950 च्या दशकात, ते पणजीच्या लिसेवमध्ये शिकलेले. ते म्हणाले, "विसांतले चौदा? बरे आहेत की! तिला सांग, दहाला पास असतं." पोर्तुगालमध्ये आजही तेच माप आहे. 10 ला पास, 14 म्हणजे 'चांगला' आणि 18 च्या पुढे 'उत्कृष्ट'. भाचीने उरलेले सगळे पेपर दिले.

खरं म्हणजे दोन देशांच्या परीक्षा ही गोव्याला नवी गोष्ट नाही. 1961 पर्यंत इथली काही मुलं लिसेवची परीक्षा देत, तर काही मराठी-इंग्रजी शिकून मुंबईच्या मॅट्रिकला बसत. 1962 मध्ये धेंपे आणि चौगुले ही कॉलेजं निघाली, ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न. गोवा विद्यापीठ सुरू झालं 1985 मध्ये. गुणांचं माप बदलतं, हे आपल्या आजोबांच्या पिढीने घरातच पाहिलं होतं.

तेव्हा जाणाऱ्या मुलांनी दोन गोष्टी कराव्यात. तिकडचा कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल आणि तिकडच्या गुणांचं इथे रूपांतर कसं होईल, हे निघण्यापूर्वी आपल्या कॉलेजकडून लेखी घ्यावं. नंतर तोंडी आश्वासनाला किंमत नसते. आणि तिकडे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांना विचारावं की गुण कशाकशाचे आहेत आणि दुसरी संधी केव्हा मिळते. पोर्तुगालमध्ये मुख्य परीक्षेनंतर थोड्याच दिवसांत 'रेकुर्सू' नावाची दुसरी फेरी असते. ती माहीत असली की अर्धी भीती जाते.

आईवडिलांसाठी एकच. फोनवर "किती टक्के?" विचारण्याआधी "तिथे पास कितीला असतं?" हे विचारा. तिकडे एकट्या बसलेल्या मुलाला त्याने धीर येतो.