शहराची समिती, गावाचं शेत : ठराव होण्याआधी कागद वाचला तरच उपयोग

जळगाव / धुळे : जानेवारी 2026 मध्ये जळगाव आणि धुळे महापालिकेसाठी मतदान झालं. जळगावात 75 आणि धुळ्यात 74 नगरसेवक निवडून आले. त्याआधी जळगावात सप्टेंबर 2023 पासून आणि धुळ्यात डिसेंबर 2023 पासून प्रशासकच कारभार बघत होते. गावाकडच्या लोकांनी निकाल मोबाईलवर बघितला, कोण जिंकलं कोण पडलं याच्या गप्पा पारावर झाल्या आणि विषय संपला. शहराची निवडणूक, त्यात शेतकऱ्याचं काय?

शेतकऱ्याचं त्यात बरंच काही आहे. शहराच्या हद्दीवरचं शेत पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे रहिवासी भागात जाणार की हिरव्या पट्ट्यात, शेतीतच राहणार. त्यातून 60 फुटी रस्ता जाणार की त्यावर बगिच्याचं आरक्षण पडणार. भाजीची टोपली घेऊन शहरात आलेल्या बाईला बसायला जागा मिळणार की नाही, हे सगळं महापालिकेच्या वेगवेगळ्या समित्यांमध्ये ठरतं. त्या समित्या कशा चालतात हे गावाला माहीत नसतं. माहीत होतं तेव्हा ठराव झालेला असतो.

सोळा जणांच्या हाती तिजोरी

महापालिका अधिनियमानुसार स्थायी समितीत 16 नगरसेवक असतात. सभागृहात ज्या पक्षाचं जितकं बळ, त्या प्रमाणात त्याचे सदस्य. दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात आणि नवीन येतात. आयुक्तांनी मांडलेलं अंदाजपत्रक आधी इथे येतं. मोठ्या कामांचे ठेके इथूनच मंजूर होतात. म्हणून नगरसेवक झाल्यावर पहिली धडपड असते ती स्थायीत जाण्याची.

समितीसमोर आलेला प्रत्येक विषय कागदावर विकासाचाच असतो. व्यापारी संकुल, घरकुल, रस्ता, बाजार. पण प्रत्येकाच्या खाली एक जमीन असते. ती कोणाची, कशासाठी राखलेली, तिचा मोबदला किती, हे तीन प्रश्न आधी विचारले नाहीत तर पुढे काय होतं, याची दोन मोठी उदाहरणं जळगावातच आहेत.

घरकुलाचा धडा

पहिलं उदाहरण घरकुलाचं. जळगावला तेव्हा नगरपालिका होती. गरिबांसाठी 11 हजारांवर घरं बांधायची ठरली, कर्ज काढलं, ठेका दिला. हेतूला कोणी नाव ठेवलं नसतं. पण ज्या जागांवर घरं उभी करायची त्या जागा नगरपालिकेच्या मालकीच्या आहेत का, बिनशेती परवानगी आहे का, याची खात्री न करताच काम पुढे गेल्याचा ठपका आला. प्रत्यक्षात दीड हजारांच्या आसपास घरं झाली. 2006 मध्ये तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी माजी मंत्र्यांसह 48 जणांना दोषी ठरवून शिक्षा झाली. प्रकरण पुढे अपिलात उच्च न्यायालयात गेलं.

या खटल्यात मोठी नावं होती म्हणून लोकांच्या लक्षात नावंच राहिली. गावाने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. शिक्षा झालेल्यांत ठरावाच्या बाजूने उभे राहिलेले नगरसेवकही होते. म्हणजे "वरून आलं, मी हात वर केला" हे उत्तर न्यायालयात चालत नाही. आणि फिर्याद ते निकाल यात 13 वर्षं गेली. ज्यांना घर मिळायचं होतं त्यांना निकालाने घर मिळालं नाही.

गाळ्यांचं घोंगडं

दुसरं उदाहरण फुले मार्केटमध्ये लग्नाचा बस्ता घेणाऱ्या प्रत्येकाने डोळ्याने बघितलेलं आहे. जळगाव महापालिकेच्या व्यापारी संकुलांत दोन हजारांहून जास्त गाळे आहेत. बहुतेकांच्या भाडेकराराची मुदत 2012 मध्ये संपली. करार संपला, दुकानं चालूच राहिली. पुढे भाडं किती धरायचं, दंड किती, पुन्हा लिलाव करायचा की जुन्याच गाळेधारकाला द्यायचं, यावर वाद झाला आणि तो औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. राज्य सरकारने 2019 मध्ये भाडेपट्टा नूतनीकरणाचे नियम आणले, नंतर त्यातही बदल केले.

यात दोन्ही बाजूंना आपापली कारणं आहेत. महापालिकेची जागा बाजारभावापेक्षा स्वस्तात द्यायला कायदा मोकळीक देत नाही, कारण ती जागा सगळ्या शहराची. गाळेधारक म्हणतात, वर्षानुवर्षांचं धंद्याचं बस्तान एका नोटिशीत कसं उठवणार, आणि एवढी रक्कम एकदम कुठून आणणार? भांडण न्यायालयात सुटो नाहीतर मंत्रालयात, पण मुदत कधी संपणार ही तारीख करार झाला त्याच दिवशी कागदावर लिहिलेली होती. ती तारीख येण्याआधी दोन वर्षं समितीने बसून धोरण ठरवलं असतं तर पुढची दशकभराची ओढाताण टळू शकली असती.

याच काळात जळगाव महापालिका हुडकोच्या कर्जाखाली दबलेली होती. सतरा मजली इमारत असलेल्या महापालिकेवर बँक खाती गोठवली जाण्याची वेळ आली. एकीकडे स्वतःच्या जागेचं हक्काचं भाडं अडकलेलं, दुसरीकडे कर्जाचे हप्ते. मधल्या मधे कॉलन्यांतले रस्ते आणि गटारी रखडल्या. शहरात प्लॉट घेऊन राहायला गेलेली गावाकडची पोरं याच कॉलन्यांत राहतात.

धुळे : आधी जमीन, मग बाजार

धुळ्याची गोष्ट याच्या उलट टोकाने सुरू होते. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने खानदेशचं मुख्य ठाणं म्हणून धुळे निवडलं. जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. बाहेरून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना घर बांधायला जागा कायमची बिनभाड्याने दिली, वर बांधकामाला उचलही दिली. आजही धुळ्यात गल्ली नंबरने पत्ता सांगतात. राज्य कंपनीचं होतं, लोकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. पण जागा कोणाला द्यायची, कशासाठी द्यायची आणि त्यातून गावात काय यायला हवं, हे आधी ठरवलं होतं.

पुढे मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर असे तीन महामार्ग धुळ्यात एकत्र आले. अवधानला औद्योगिक वसाहत झाली. शहर हद्दीबाहेर सांडलं. 2018 च्या सुरुवातीला वलवाडी, महिंदळे, नकाणे, मोराणे, अवधान अशी लगतची गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, तिची मालमत्ता महापालिकेकडे गेली, ग्रामीण भागासाठीच्या योजनांमधून ती गावं बाहेर पडली.

इथे एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. गाव हद्दीत आलं की मालमत्ता कर एकदम शहराइतका लावता येत नाही. तो टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा, असं महापालिका अधिनियमातच लिहिलं आहे. म्हणजे कर कधी किती वाढणार, याचं वेळापत्रक ठरलेलं. पण नळ कधी येणार, गटार कधी होणार, दिवे कधी लागणार, याचं असं वेळापत्रक कायद्यात कुठेच नाही. ते दरवर्षी अंदाजपत्रकात ठरतं, म्हणजे त्या 16 जणांच्या समितीत. त्या सोळांत हद्दवाढीतल्या गावाचा एकतरी माणूस असेलच, याची खात्री कायदा देत नाही.

रंगाची पेटी कोणाच्या हातात?

जमिनीवर थेट परिणाम करणारा कागद म्हणजे शहराचा विकास आराखडा. तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार तयार होतो. आधी जमिनीचा आजचा वापर दाखवणारा नकाशा बनतो. मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती मागवल्या जातात. त्या ऐकायला एक नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे 3 सदस्य आणि जास्तीत जास्त 4 जाणकार असतात. ही समिती हरकतदाराला समोर बोलावून ऐकते आणि अहवाल देते. त्यानंतर आराखडा सरकारकडे मंजुरीला जातो.

शेतकऱ्याला समोर बसून बोलायची खरी जागा हीच आहे. ज्याने मुदतीत लेखी हरकत दिली त्यालाच सुनावणीचं बोलावणं येतं. ज्याने तोंडी साहेबांना सांगितलं, किंवा पुढाऱ्याला फोन केला, त्याचं नाव यादीत नसतं. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. शेतात पाणी भरणारा माणूस राजपत्र वाचत नाही, हे समितीलाही ठाऊक असतं.

मुदत हुकली आणि शेतावर आरक्षण पडलं तर? शेती करता येते, पण आरक्षणाविरुद्ध बांधकाम करता येत नाही. गिऱ्हाईक प्लॉटसाठी येतं, नकाशा बघतं आणि परत जातं. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला जमीन विकायची म्हटली तर मिळेल तो भाव घ्यावा लागतो. अशा वेळी पडेल भावात जमीन घेऊन नंतर आरक्षण उठवणारे दलाल कुठल्याही शहराच्या वेशीवर भेटतात.

कायद्यात यावर एक वाट आहे, कलम 127. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत महापालिकेने जमीन घेतली नाही, तर मालकाने मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 33 वर्षं आरक्षणात पडून असलेल्या जमिनीबद्दल हेच सांगितलं, की मालकाला वर्षानुवर्षं असं अडकवून ठेवता येत नाही. पण हिशोब बघा. 10 वर्षं आणि वर 2, म्हणजे चाळिशीतल्या शेतकऱ्याची जमीन मोकळी होईपर्यंत तो पन्नाशी ओलांडतो. हरकतीचा एक अर्ज याच्यापेक्षा किती तरी स्वस्त पडतो.

टोपलीवाल्यांची समिती

जमिनीचा मालक नसलेल्यालाही या कारभारात जागा आहे. पथविक्रेता कायदा, 2014 नुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. बसायच्या जागा, विक्रीला बंदी असलेले रस्ते, सर्वेक्षण, हे सगळं या समितीच्या विचाराने व्हायचं असतं. खेड्यातून वांगी, मेथी, केळी घेऊन रोज शहरात येणाऱ्यांनी सर्वेक्षणात नाव लावलं नाही, तर अतिक्रमणाची गाडी आल्यावर दाखवायला हातात काही राहत नाही.

गावाने काय करायचं?

हे फक्त महापालिकेच्या वेशीवरच्या गावांपुरतं नाही. नियोजनाचा हाच कायदा नगरपरिषदा आणि नगरपंचायतींनाही लागू आहे. साक्री, शिंदखेडा, बोदवड, मुक्ताईनगर इथे काल ग्रामपंचायत होती, आज नगरपंचायत आहे. उद्या आणखी गावं होतील.

पहिलं काम, आपला गट नंबर सध्याच्या आराखड्यात कोणत्या रंगात आहे, हे नगररचना विभागात जाऊन बघायचं आणि त्या भागाच्या नकाशाची प्रत घ्यायची. दुसरं, प्रारूप आराखडा आला की मुदतीत लेखी हरकत द्यायची. सोबत सातबारा, मोजणी नकाशा, विहीर-पाइपलाइन-फळबागेचे फोटो आणि जवळची सरकारी जागा पर्याय म्हणून दाखवायची. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायची. शेजारच्या दहा जणांचे अर्ज वेगवेगळे द्यावेत, सुनावणीला मात्र सगळ्यांनी एकत्र जावं. तिसरं, स्थायी समितीचे ठराव माहिती अधिकारात मागता येतात. अर्जाला 10 रुपये लागतात आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.

प्रशासकाच्या काळात विचारायला दारात नगरसेवक नव्हता, ही तक्रार रास्त होती. आता दोन्ही शहरांत तो आहे. बैठकीच्या आधी विषयपत्रिका निघते. तिच्यात आपल्या शिवारातला कोणता विषय आहे, एवढं विचारायला फोन पुरतो. ठराव झाल्यानंतर मात्र वकील करावा लागतो.