घरोघरचे इस्पितळ आणि दाराआडचे श्रम

शहरातील कोणत्याही मोठ्या गृहसंकुलाच्या दाराशी सकाळी आठच्या सुमारास उभे राहावे, म्हणजे एक नवा पाळीबदल दृष्टीस पडतो. गिरणीचा भोंगा नाही, हजेरीचा फलक नाही. परंतु रात्रभर कुणाच्या तरी आजारी वडिलांच्या उशाशी बसलेली एक स्त्री जिना उतरत असते आणि दुसरी चढत असते. घरातली माणसे तिला ‘मावशी’ म्हणतात, ब्युरोच्या वहीत ती ‘अटेंडंट’ असते आणि गुंतवणूकदारांच्या परिभाषेत ती ‘गृह-आरोग्यसेवा’ नामक वाढत्या उद्योगाचा घटक असते. कामगार म्हणून तिची नोंद मात्र बहुधा कोठेच नसते.

हा उद्योग वाढतो आहे, याची कारणे उघड आहेत. 2011 च्या जनगणनेतच साठीपुढील भारतीयांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली होती आणि महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ दहा माणसे या वयाची होती. कुटुंबे लहान झाली, मुले पोटापाण्यासाठी परगावी अथवा परदेशी गेली. इस्पितळातील खाटेचे दर मध्यमवर्गालाही परवडेनासे झाले. 2020-21 च्या महामारीने तर घराघरांत ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजनची यंत्रे आणून ठेवली. या गरजेला आता ‘तंत्रज्ञान पुरवठादारांसाठी सुवर्णसंधी’ असे नाव मिळाले आहे. मोबाईलवर परिचारिका मागवा, मोबाईलवर रक्तदाब पाहा, मोबाईलवर आजीच्या खोलीतील चित्र पाहा. संधी आहे हे खरे. पण ती कोणाची, हा आमचा प्रश्न आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्राशी समाजवाद्यांचे वैर नाही. घरच्या घरी आरोग्यसेवा देण्याचा या देशातील एक अत्यंत तेजस्वी प्रयोग महाराष्ट्रातच, गडचिरोलीत झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतील स्त्रियांना नवजात अर्भकांची देखभाल शिकविली. अक्षरओळख नसलेल्या दाईलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकविण्याचे एक साधे साधन बनविले. तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या मण्यांच्या साधनाने त्या स्त्रीचे कौशल्य वाढविले, तिला गावात प्रतिष्ठा दिली. तंत्रज्ञानाची कसोटी हीच आहे: ते काम करणाऱ्याच्या हातात बळ देते, की त्याच्या मानेवर बसते?

बाजाराच्या हाती सोडलेले तंत्रज्ञान काय करते, तेही आपण पाहिले आहे. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरील वितरकांचा नफा 198 टक्क्यांपर्यंत गेल्याचे सरकारलाच आढळले आणि 70 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. पुढच्याच महिन्यात ऑक्सिमीटर, रक्तदाबयंत्र, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर आणि थर्मामीटर यांनाही तीच मर्यादा लागू झाली. माणसे श्वासासाठी तडफडत असतानाही ज्याला आपला नफा आवरता आला नाही, तो बाजार शांततेच्या काळात स्वतःहून संयम पाळील, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

श्रमाच्या बाजूला तर अॅप हा नवा मुकादम झाला आहे. काम तोच देतो, दलाली तोच कापतो, गिऱ्हाइकाने दिलेले तारे मोजून उद्याचे काम काढूनही तोच घेतो. आणि मालक म्हणून विचारले, तर ‘आम्ही केवळ दुवा आहोत’ असे सांगतो. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा मंचांच्या यादीत आरोग्यसेवेचा समावेश केला आणि उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदानाची तरतूद केली, हे स्वागतार्ह आहे. परंतु बारा तासांची पाळी, साप्ताहिक सुट्टी, रात्रीची झोप, रुग्ण उचलताना जायबंदी झालेली पाठ यांचा हिशेब त्या टक्क्यांत बसत नाही.

आणि शासन तरी निराळे कोठे वागते? 2005 पासून घरोघर फिरणाऱ्या आशा अजूनही ‘स्वयंसेविका’च आहेत. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील आशांना मान्य झालेल्या वाढीच्या आदेशासाठी आझाद मैदानावर मुक्काम ठोकावा लागला.

उपाय परका नाही. मालक रोज बदलतो म्हणून हमालाला हक्क नाहीत, हा युक्तिवाद महाराष्ट्राने 1969 च्या माथाडी कायद्याने निकालात काढला. नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मालकांकडून घेतलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी व रजा. 1981 साली खासगी सुरक्षारक्षकांनाही हेच तत्त्व लागू झाले. म्हणजे संकुलाच्या फाटकावरील पहारेकऱ्यासाठी मंडळ असू शकते. चौथ्या मजल्यावर रुग्ण सांभाळणाऱ्या बाईसाठी मात्र नाही! 2008 च्या घरेलू कामगार कल्याण मंडळाने ही उणीव भरून निघालेली नाही. घरी रुग्णसेवा करणाऱ्यांचे स्वतंत्र त्रिपक्षीय मंडळ ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्याच हातची आहे. पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी 1993 मध्ये संघटना उभारली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही स्वतःची सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार केला. रुग्णसेविकांची सहकारी संस्था, तिचे स्वतःचे अॅप आणि स्वतःचे प्रशिक्षण हे अशक्य का असावे? तिसरी मागणी शासनाकडे: केरळने 2008 साली उपशामक सेवेचे धोरण आखून पंचायतींच्या साहाय्याने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या दारी पाठविल्या. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी आणि पालिका दवाखान्यांनी तेच करावे. नाहीतर पैसा असणाऱ्याच्या घरी इस्पितळ येईल आणि झोपडीतील म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहील.

अखेरीस एक अडचणीची गोष्ट. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी मावशी येते. तिला देणे होईल त्याहून अधिक देण्याची आपलीही ऐपत नसते, हे मान्य. म्हणूनच हा बोजा एकेका कुटुंबावर न टाकता समाजाने उचलावा, असे आपण म्हणतो. परंतु तिला आठवड्याची सुट्टी आणि निजायला जागा देण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रस्त्यावर समतेची घोषणा देऊन घरी परतणाऱ्या कार्यकर्त्याने आज रात्री तिला एवढेच विचारावे: तुमचे नाव कोणत्या संघटनेत आहे? उत्तर ‘कोणत्याच नाही’ असे आले, तर आपले काम तेथूनच सुरू होते.