हप्त्याबरोबर पावतीही



मागच्या महिन्यात आमच्या केंद्रावर एक बाई आल्या. काशीयात्रेसाठी बचत गटातून कर्ज काढून त्यांनी यात्रा कंपनीकडे पैसे भरले होते. यात्रा रद्द झाली, पैसे परत मिळाले नाहीत; हप्ते मात्र चालूच. घरी बोलणी बसतील म्हणून त्या चार महिने गप्प होत्या. मीही आधी हेच विचारले, 'कर्ज कशाला काढलंत?' ते अजून बोचते.

स्वतःसाठी पैसा खर्चणारी बाई गुन्हेगार नव्हे, ग्राहक आहे. २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही; वकीलही सक्तीचा नाही. १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो.

गटाच्या बैठकीत हप्त्याबरोबर पावतीचीही चौकशी करू या.