नकाशावरून पुसलेले बडोदे

मोठ्या संघराज्यात छोट्या प्रदेशाचे काय होते, हा विषय निघाला की आपल्या गोव्यात गाडी थेट १९६७ च्या जनमत कौलावर येते. १६ जानेवारीला मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. तो हिशेब आपण अजून मांडत असतो. पण जे खरोखरच विलीन झाले, त्या बडोद्याकडे आपण नीट पाहिले आहे का?

बडोदे संस्थान सुमारे आठ हजार चौरस मैलांचे होते, म्हणजे गोव्याच्या पाचपटीहून मोठे. राजघराणे मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती. १ मे १९४९ रोजी ते मुंबई राज्यात सामील झाले. तिथे कौल वगैरे काही झाला नाही. पुढे बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० ला, तो सगळा मुलूख गुजरातेत गेला. संस्थान नकाशावरून पुसले गेले.

मग उरले काय? सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. गावोगाव वाचनालये काढली. मुख्य म्हणजे, स्वतः मराठी असूनही कारभार प्रजेच्या गुजरातीत चालवला. १९३१ च्या ‘सयाजीशासनकल्पतरू’ या कोशात कारभाराच्या शब्दांना अनेक भारतीय भाषांतले पर्याय एकत्र दिले. सत्ता गेली, पण वाचायला शिकलेली माणसे राहिली.

याच्या अगदी उलट उदाहरण सोव्हिएत संघाचे. त्यातल्या प्रजासत्ताकांना १९३६ च्या घटनेने संघातून बाहेर पडण्याचाही हक्क दिला होता. अर्थात कागदावर! त्यांतल्या मोल्दाव्हियात रुमानियन भाषेवर रशियन लिपी लादली गेली. मॉस्कोची पकड सैल होताच १९८९ साली लोकांनी रोमन लिपी परत आणली. दोन वर्षांनी संघच उरला नाही. वरून लादलेले टिकले नाही; घरात बोलले जात होते ते टिकले.

आता आपल्याकडे वळू. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात वापराची मुभा मिळाली. मराठीला राजभाषेचा मान हवा ही मागणी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. पण सगळी शक्ती तिथेच खर्च करणे मला पटत नाही. भाऊसाहेब बांदोडकर तो कौल हरले, तरी त्यांच्या काळात खेडोपाडी निघालेल्या मराठी शाळांनी दोन पिढ्या घडवल्या. बहुजनांच्या घरात अक्षर पोचले ते त्या शाळांमधून. आज त्यांतल्या कितीतरी पटसंख्येअभावी बंद पडल्या, आणि त्यासाठी मोर्चा निघाल्याचे फारसे आठवत नाही.

बडोद्यात १९०९, १९२१ आणि १९३४ साली मराठी साहित्य संमेलने भरली, तेव्हा गायकवाडांचे राज्य होते. २०१८ मध्ये पुन्हा भरले, तेव्हा राज्य जाऊन एकोणसत्तर वर्षे झाली होती आणि शहराच्या कारभारात मराठीला जागा नव्हती. तरीही मांडव पडला, माणसे आली.

म्हणून कौलाचे आकडे जरा बाजूला ठेवू या. आपल्या वाड्यावरच्या मराठी शाळेत यंदा पहिलीत किती मुले आली, तो आकडा आधी विचारू या.