बादलीतले पाणी आणि पिशवीचा कोपरा

पर्यावरणशास्त्र शिकलेला माणूस पर्यावरणाला धरून वागू लागतो, हे गृहीतक आपल्या शिक्षणव्यवस्थेने फारसे तपासून न पाहताच स्वीकारले आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निर्णयाच्या मुळाशीही हीच श्रद्धा होती. शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीने शिकवला जावा आणि सिनेमागृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणविषयक निदान दोन स्लाइड दाखवाव्यात, असे त्या निर्णयात म्हटले होते. स्लाइडचा जमाना मागे पडला, पण सक्तीचा विषय टिकला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले, जे पेशाने शल्यचिकित्सक आहेत. त्या अभ्यासक्रमातील पन्नास तासिकांपैकी क्षेत्रभेटीच्या, म्हणजे वर्गाबाहेर जाऊन पाहण्या-नोंदण्याच्या वाट्याला जेमतेम पाच आल्या, आणि प्रत्यक्षात त्या पाचांचेही अनेक ठिकाणी टिपणवहीतल्या चित्रांवर भागले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ओझोनच्या थराची व्याख्या पाठ करून उत्तीर्ण व्हायचे आणि परीक्षेनंतर ती विसरायची, हा शिरस्ता त्यातूनच पडला.

माहिती मिळाली की दृष्टी बदलते आणि दृष्टी बदलली की वागणूक बदलते, अशी सरळ साखळी सुरुवातीच्या पर्यावरणशिक्षणाने मनाशी धरली होती. नंतरच्या संशोधनाने ती साखळी बरीच सैल केली; आन्या कोलमुस आणि ज्युलियन अग्येमान यांनी २००२ साली या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की जाणणे आणि वागणे यांच्यामध्ये पैसा, सोय, जुनी सवय, आजूबाजूच्या लोकांची रीत आणि सरकारी व्यवस्था अशा कितीतरी गोष्टी आडव्या येतात. तरीही अभ्यासाचा सवयीवर काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. परिणाम होतो, फक्त तो उपदेशाच्या वाटेने होत नाही. तो मोजमापाच्या वाटेने होतो, आणि ते पाहायला बेंगळुरूच्या वायव्य भागातील यशवंतपूरइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल.

मराठी माणसाला यशवंतपूर ठाऊक असते ते बहुधा रेल्वेच्या फलाटामुळे, कारण पंढरपूरला जाणारी गाडी तिथून सुटते. त्या जंक्शनच्या शेजारी, जिला जुने बेंगळुरूकर अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, ती १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. तिच्या झाडीत वनमानव, म्हणजे रात्री हिंडणारा, मोठ्या डोळ्यांचा, जेमतेम वीतभर लांबीचा वानरवर्गीय प्राणी, आजही आढळतो. याच आवारात १९८३ साली पुण्याच्या माधव गाडगीळांनी परिसर-विज्ञान केंद्र उभे केले. आवाराबाहेर पडले की एका बाजूला १८८२ साली बांधलेला सँकी तलाव, दुसऱ्या बाजूला कांदा-बटाट्याचे मोठे मार्केट यार्ड, चंदनाच्या साबणाचा सरकारी कारखाना आणि पुढे ‘पीण्या’ या भागातली औद्योगिक वसाहत, जिथल्या भूजलात धातूंना मुलामा देण्याच्या व्यवसायातून उतरलेले क्रोमियम सापडले आहे. पाठ्यपुस्तकातली बहुतेक प्रकरणे इथे मेट्रोच्या चार-दोन स्थानकांच्या अंतरात पाहता येतात.

पहिले उदाहरण पाण्याचे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि शहराच्या कुशीतून एकही मोठी नदी वाहत नाही. पिण्याचे पाणी कावेरीतून, सुमारे शंभर किलोमीटरवरून, तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी अशा तीन टप्प्यांवर पंप करून, एकूण सुमारे ५०० मीटर वर चढवून आणले जाते. हे वाक्य वर्गात ऐकले तर विद्यार्थी ते लिहून घेतो आणि सोडून देतो. पण तेच त्याला बादलीवर मांडून पाहायला सांगितले, तर चित्र पालटते. २० लिटरची बादली म्हणजे २० किलो वजन; ते ५०० मीटर उचलायला लागणारी स्थितिज ऊर्जा, म्हणजे वस्तू उंचावर नेल्याने तिच्यात साठणारी ऊर्जा, सुमारे ९८ हजार ज्यूल भरते, आणि विजेच्या भाषेत ती होते साधारण २७ वॅट-तास. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्या विजेवर तीन तास चालतो. पंपात आणि नळांत होणारी घट धरली, तर प्रत्यक्ष वीज याहून अधिक लागते. हे गणित एकदा स्वतः सोडवलेल्या विद्यार्थ्याला दिवा विझवणे आणि नळ बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी वाटेनाशा होतात. मग पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे, क्षार जास्त असलेले पाणी मोरीत सोडण्याऐवजी तो नळीखाली बादली ठेवतो आणि त्या पाण्याने फरशी पुसली जाते. घरच्यांना सुरुवातीला हा खुळेपणा वाटतो. महिनाभराने ती बादली भरली की कोणी सांगितल्यावाचून दुसरी लावली जाते.

कांद्याच्या बाबतीत हिशेब आणखी गमतीचा होतो. यशवंतपूरच्या यार्डात उतरणाऱ्या गोण्यांत नाशिक, नगर, सोलापूरचा कांदा मोठ्या प्रमाणावर असतो. नाशिकचा ट्रक सुमारे हजार किलोमीटर चालून इथे पोहोचतो. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ टोनी ॲलन यांनी १९९०च्या दशकात ‘आभासी पाणी’ ही संकल्पना मांडली: एखादे पीक पिकवताना जे पाणी खर्ची पडते, ते डोळ्यांना दिसत नसले तरी मालाबरोबर एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाते. या हिशेबाने कावेरीच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात गोदावरी आणि गिरणेच्या खोऱ्यातले पाणी रोज गोण्यांत भरून येते, आणि तेही अशा तालुक्यांतून, ज्यांतल्या कित्येकांत उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. चाळीत साठवलेला उन्हाळी कांदा चार-पाच महिने टिकवण्यासाठी शेतकरी हवा खेळती राहील अशी कांदाचाळ बांधतो, वरचेवर कांदा चाळून सडका बाजूला काढतो. आणि त्याच कांद्याची शहरातल्या स्वयंपाकघरात बटाट्यांबरोबर एकाच बंद टोपलीत रवानगी होते, जिथे दोघांनाही लवकर कोंब फुटतात. सडलेला कांदा कचराभूमीत हवेशिवाय कुजला की त्यातून मिथेन निघतो, जो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटीने उष्णता धरून ठेवणारा वायू आहे. हे शिकलेला विद्यार्थी बाजारातून पाच किलोऐवजी दोन किलो कांदा आणतो आणि तो जाळीच्या टोपलीत, बटाट्यांपासून लांब ठेवतो. अर्थात भाव कडाडले की हेच शहाणपण कोणताही अभ्यासक्रम न शिकलेल्या घरांतही आपोआप येते, हे मान्य करायला हवे.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र अभ्यासाला कायद्याची साथ मिळाली, म्हणून तिथला बदल अधिक पक्का दिसतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५मध्ये बेंगळुरूत कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले: ओल्या कचऱ्याला हिरवी बादली, वापरलेले पॅड आणि डायपर यांसारख्या टाकाऊ कचऱ्याला लाल बादली आणि सुक्या कचऱ्याला पिशवी. व्यवस्था दारात आली, की वर्गातले ज्ञान हाताला लागते. त्यातही एक बारकावा असा आहे, जो फक्त शिकलेलाच पाळतो. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा त्रिकोण पूर्ण कापून टाकला, तर तो नखाएवढा तुकडा कोणत्याही वर्गीकरणाच्या टेबलावर उचलला जात नाही. तो गटारात किंवा मातीत जातो आणि तिथेच राहतो. म्हणून कापताना कोपरा पिशवीला लटकत ठेवायचा, दूध ओतल्यावर पिशवी विसळून सिंकच्या काठावर पालथी घालायची आणि वाळल्यावर सुक्याच्या पिशवीत टाकायची. पातळ पॉलिथिनची ती पिशवी भंगारात विकली जाते. तिच्या शेजारी पडलेले बिस्किटाचे चकचकीत वेष्टण मात्र प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांना चिकटवून बनवलेले असल्याने कोणीही विकत घेत नाही. हा फरक एकदा कळला, की दुकानात बिस्किटाकडे जाणारा हात क्षणभर थांबतो. हात मागे येतोच असे नाही.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘आमच्या आजीला हे सगळे न शिकता येत होते’ असे मराठी घरांत अभिमानाने म्हटले जाते, आणि शिळ्या पोळीचा कुस्करा, जुन्या लुगड्यांची गोधडी, तेलाच्या डब्यात लावलेली तुळस यांची उदाहरणे दिली जातात. त्यात तथ्य आहे. पण ती काटकसर टंचाईतून आलेली होती आणि टंचाई सरली की तीही सरली, हे त्याच घरांत फ्रीजमधल्या शिळ्या डब्यांकडे पाहिले तरी समजते. शिवाय परसात पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिकही जाळणे, ही त्याच पिढीची सवय होती. काटकसरीला पैशाचे गणित कळते. आपण जाळलेल्या प्लास्टिकचा धूर शेजारच्या कोणाच्या छातीत जातो, हे गणित वेगळे आहे आणि ते शिकावेच लागते.

अभ्यासाने आलेली सवय फसवीही असू शकते. कापडी पिशवी वापरणारा मनातल्या मनात स्वतःच्या खाती पुण्य जमा करतो आणि त्या जोरावर वर्षातून दोन अधिकचे विमानप्रवास निर्धास्तपणे करतो. मानसशास्त्रात याला नैतिक सवलत म्हणतात, म्हणजे एका चांगल्या कृत्याच्या बदल्यात दुसऱ्या बेफिकिरीची स्वतःला दिलेली परवानगी. यशवंतपूरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खाण्याच्या छोट्या हॉटेलात, स्टीलच्या पेल्यातली ‘बाय-टू’ कॉफी मित्राबरोबर वाटून घेणारा विद्यार्थी कागदी पेला टाळतो हे खरे, कारण त्या पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो हे त्याला माहीत झालेले असते; पण दर्शिनीत पेले पहिल्यापासून स्टीलचेच असतात, तेव्हा या सद्गुणाचे निम्मे श्रेय हॉटेलवाल्याला द्यावे लागेल. मार्च २०२४मध्ये कूपनलिका आटल्या आणि टँकरचे भाव चढले, तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड जाहीर झाला आणि नळाची धार बारीक करणारे एरेटर बसवण्याची सक्ती आली. त्या दोन-तीन महिन्यांत सारे शहर पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी झाले होते. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू होऊन दररोज ७७ कोटी ५० लाख लिटर वाढीव पाणी आणण्याची सोय झाली, आणि भीतीने लागलेली सवय टिकायला जो धाक लागतो, तोच सैल झाला.

‘पीण्या’ वसाहतीतल्या क्रोमियमवर तर कोणाच्याही घरगुती सवयीचा इलाज नाही. तिथे लागणारी सवय वेगळ्या प्रकारची आहे: पाहायचे, मोजायचे, लिहून ठेवायचे आणि ते चारचौघांपुढे मांडायचे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी ‘परिसर आणि अध्ययन’ या विषयावरचा अभ्यासगट गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला होता, आणि त्याने विद्यार्थ्यांनी आपापल्या परिसराचे प्रकल्प करावेत आणि त्यांच्या नोंदी सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात, यावर भर दिला होता. देशभरचे विद्यार्थी आपल्या गावच्या तळ्याचे, विहिरीचे, पक्ष्यांचे आकडे दरवर्षी नोंदवू लागले, तर जी माहिती उभी राहील ती कोणत्याही सरकारी खात्याकडे नाही, असा त्यामागचा विचार. शाळांनी त्यातला ‘प्रकल्प’ हा शब्द तेवढा उचलला आणि तो स्टेशनरीच्या दुकानातल्या तयार तक्त्यांवर नेऊन सोडला.

तरी काही विद्यार्थी खरोखर नोंदी ठेवतात, आणि त्या ठेवताना विषयाचा खरा चिवटपणा त्यांना कळतो. यशवंतपूर-मत्तिकेरे भागातल्या बऱ्याच इमारतींत पाण्याचे मीटर साऱ्या इमारतीला मिळून एकच असते आणि बिल सदनिकांत वाटले जाते, त्यामुळे एका घराचा वापर मोजायचा तर बादल्या मोजण्यावाचून गत्यंतर नसते. अंघोळीच्या बादल्या मोजता येतात, कपड्यांच्या यंत्राचे पाणी पुस्तिकेतून काढता येते. सकाळी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाई वाहत्या नळाखाली भांडी घासतात, कारण साडेदहापर्यंत त्यांना आणखी तीन घरे उरकायची असतात. ते पाणी वहीतल्या कोणत्या रकान्यात लिहायचे, पाण्याच्या की वेळेच्या, हे मात्र अभ्यासक्रमात कुठे दिलेले नसते.